टेस्टोस्टेरॉनचा उपचार आणि नंतरची रुखरुख

टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने सुरू करून तीन-चार महिने लोटल्यावर पुष्कळ पुरुषांच्या मनात जी रुखरुख घर करते, ती बहुधा घरात कोणापाशी बोलली जात नाही. रक्तदाबाची गोळी आपण चारचौघांत घेतो, मधुमेहाचे आकडे तर आल्यागेल्यालाही सांगतो. परंतु ज्या संप्रेरकाचे नाव पौरुषाशी जोडले गेले आहे, ते आपल्या शरीरात कमी भरले व त्याची भरपाई बाहेरून चालली आहे, ही गोष्ट सख्ख्या भावाला सांगण्यासही जीभ रेटत नाही. परिणामी ‘मी हे उगाच तर सुरू केले नाही ना’, ‘आता जन्मभर हे चालवावे लागणार काय’, ‘मूल होण्यास यामुळे अडचण येईल काय’, हे प्रश्न एकट्याच्याच मनात घोळत राहतात, आणि त्यांचा शेवट बहुधा दोहोंपैकी एका अविचारात होतो: एक तर कोणासही न विचारता औषध सोडून दिले जाते, नाही तर गुण येत नाही म्हणून कोणासही न विचारता त्याचे प्रमाण वाढविले जाते. अशा अवस्थेत सापडलेल्या वाचकांसाठी, आणि त्यांच्या पत्नींसाठीही, हा लेख आहे. शंका दाबून टाकू नये आणि तिच्या भरात निर्णयही घेऊ नये. उपचार ज्या निदानावर उभा राहिला त्या निदानाकडे ती घेऊन परत जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण या बाबतीतील बहुतेक पश्चात्तापांचे मूळ, औषध सुरू होण्यापूर्वी जे पाहावयाचे राहून गेले त्यात सापडते.

म्हणून प्रथम जुनी फाइल काढावी. टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण दिवसभर सारखे राहत नाही. सकाळी ते अधिक असते, दुपारनंतर उतरत जाते, आणि पोटभर जेवणानंतरही काहीसे घटते. यास्तव अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत असा दंडक घातला आहे की, सकाळी, उपाशीपोटी, निरनिराळ्या दिवशी घेतलेल्या नमुन्यांत प्रमाण निःसंशय व पुनःपुन्हा कमी आढळले पाहिजे, आणि त्याच्या जोडीस त्या कमतरतेची लक्षणेही रुग्णात असली पाहिजेत. आता आपल्या अहवालाच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली, नमुना घेतल्याची वेळ पाहावी. आपल्याकडे ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात कोलेस्टेरॉल आणि व्हिटॅमिन डी यांच्या पंक्तीला टेस्टोस्टेरॉनही बसविलेले असते, कचेरीतून परतताना सायंकाळी साडेसहास दिलेल्या एकाच नमुन्यावर २७० हा आकडा येतो, त्याच्यापुढे ठळक अक्षरांत ‘लो’ असे उमटते, आणि तेवढ्याच दाखल्यावर उपचार सुरू होतो. स्थूल नसलेल्या, १९ ते ३९ वर्षांच्या निरोगी पुरुषांत हे प्रमाण साधारणपणे २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते, व अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांची संस्था ३०० ही मर्यादा धरते, हे ध्यानी घेतले म्हणजे अशा एकाकी आकड्याचा आधार किती तकलादू आहे ते कळून येईल. शिकागो येथे दहा निरोगी तरुणांना सुमारे आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिले असता त्यांचे दिवसाचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांनी उतरल्याचे २०११ साली प्रसिद्ध झाले आहे. आणि कल्याण-डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडणाऱ्या आपल्या नोकरदारांपैकी कितीजण त्याहून अधिक झोपत असतील, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. पोटाचा वाढता घेर, दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, मद्य, अफूजन्य वेदनाशामके, नुकताच होऊन गेलेला मोठा आजार, यांपैकी कोणत्याही कारणाने आकडा खाली येतो, व कारण दूर झाले की पुष्कळदा तो वरही येतो. युरोपातील ४० ते ७९ वर्षांच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांची तपासणी करून २०१० साली जो निष्कर्ष मांडला गेला, त्यात लक्षणे आणि प्रमाण या दोन्ही कसोट्यांस उतरणारे पुरुष अवघे २.१ टक्के निघाले. थकवा, चिडचिड, कामात लक्ष न लागणे, ही लक्षणे मात्र त्या वयात कितीतरी अधिक लोकांना असतात, आणि त्यांची कारणे थायरॉइडपासून नैराश्यापर्यंत अनेक असू शकतात.

शरीरातील कारभाराची थोडी ओळख करून घेतल्यावाचून पुढचे विवेचन उमगणार नाही. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा जणू सदरेवर बसलेला अधिकारी. त्याचा हुकूम पीयूषिका ग्रंथीस पोचतो, ती एलएच व एफएसएच ही दोन फर्माने वृषणांकडे रवाना करते, पहिल्याच्या अंमलाने तेथे टेस्टोस्टेरॉन निर्माण होते, आणि दुसऱ्याच्या व त्या स्थानिक टेस्टोस्टेरॉनच्या संयुक्त अंमलाने शुक्रजंतू तयार होतात. पुरवठा पुरेसा झाल्याची वर्दी रक्तावाटे वर गेली की फर्माने सौम्य होतात. बाहेरून औषधरूपाने टेस्टोस्टेरॉन येऊ लागले म्हणजे वरच्या कचेरीस पुरवठा मुबलक दिसतो, ती फर्माने काढणे थांबविते, आणि वृषणांचे काम मंदावून त्यांचा आकारही थोडा लहान होतो. औषधाने काही बिघडल्याची ही खूण नव्हे, औषध आपले काम करीत असल्याची आहे. परंतु ती आधी सांगितली गेली नसेल तर रुग्ण घाबरून जातो, आणि त्याचे घाबरणे योग्यच म्हटले पाहिजे.

या व्यवस्थेतून एक अत्यंत व्यावहारिक गोष्ट निघते. उपचारापूर्वी एलएच चढलेले असेल तर वृषणांतच दोष आहे असे समजते; टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच कमी किंवा जेमतेम असेल तर दोष वरच्या बाजूस आहे, आणि मग प्रोलॅक्टिनची तपासणी, क्वचित पीयूषिकेचा एमआरआय, हे क्रमाने करावे लागते, कारण तेथील लहानशी गाठही हा प्रकार घडवून आणू शकते. उपचार सुरू झाल्यावर एलएच सर्वांचेच दबते, मग मूळ दोष कोठेही असो. म्हणजे ज्याची ही तपासणी आधी झाली नाही, त्याच्या निदानाचा मुख्य पुरावाच उपचाराने झाकून टाकला. अशा रुग्णाने ‘मला याची खरोखर गरज होती का’ असे विचारले, तर त्याचा प्रश्न रास्त आहे, आणि औषध काही काळ तहकूब करून नव्याने तपासण्या करण्याखेरीज त्याचे खात्रीचे उत्तर कोणापाशीही नाही.

‘अपेक्षेएवढा गुण आला नाही’ ही तक्रार असणाऱ्यांनी आपली अपेक्षा काय होती याचा आधी शोध घ्यावा. १८८९ साली पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ब्राऊन-सेकार या ७२ वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने, प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतल्याने आपले बळ व उत्साह परत आल्याचे सांगितले होते. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे त्या जलीय अर्कात ते नगण्यच असणार. वृद्ध शास्त्रज्ञाला जो उत्साह जाणवला तो बहुतांशी त्याच्या स्वतःच्या विश्वासातून आलेला होता, असे आज मानले जाते. शुद्ध टेस्टोस्टेरॉन १९३५ साली हाती आले, आणि त्याच्या कृत्रिम निर्मितीशी ज्यांची नावे निगडित आहेत त्या बूटेनांट व रुझिच्का यांना १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि ‘गेलेले तारुण्य परत आणणारे औषध’ ही जुनी आशा त्याच्याभोवती तशीच रेंगाळत राहिली. प्रत्यक्षात, ६५ वर्षांवरील व प्रमाण खरोखर कमी असलेल्या ७९० पुरुषांवर अमेरिकेत जे प्रयोग झाले आणि ज्यांचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले, त्यांत कामेच्छा व लैंगिक कार्य यांत मध्यम सुधारणा दिसली, मनःस्थितीत अल्पशी दिसली, आणि उत्साह-शक्तीच्या मोजमापात लक्षणीय लाभ दिसला नाही. तेव्हा केवळ थकव्यासाठी ज्याने हा उपचार पत्करला, त्याच्या पदरी निराशा येण्याचा संभव पहिल्यापासूनच अधिक होता. कामेच्छेतील फरक बहुधा तीन ते सहा आठवड्यांत जाणवतो. शिश्नताठरतेस सहा महिनेही लागू शकतात. स्नायू व चरबी यांतील बदल तीन-चार महिन्यांनंतर दिसू लागतात. हाडांना त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. पहिल्या महिन्यातच निकाल मागणे हा उपचारावर अन्याय आहे, आणि वर्षभर कोणताही फरक न पडता तोच उपचार चालू ठेवणे हा स्वतःवर.

आता ज्या पश्चात्तापाची मला सर्वाधिक काळजी वाटते, त्याकडे वळतो. वर सांगितलेल्या कारणामुळे बाहेरून घेतलेले टेस्टोस्टेरॉन शुक्रजंतूंची निर्मिती दडपते. हे इतके निश्चित आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याचे प्रयोग करविले. त्यांत निरोगी पुरुषांना दर आठवड्यास २०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले असता सहा महिन्यांत सुमारे ६५ टक्क्यांच्या वीर्यात शुक्रजंतू मुळीच उरले नाहीत. असे असूनही, लग्नाला दोन-तीन वर्षे झाली, घरात पाळणा हलत नाही, आणि ‘पुरुषशक्ती वाढेल’ म्हणून नवऱ्यास हेच इंजेक्शन दिले जाते, असे विपरीत प्रकार घडतात. आणि मग सासरचा तगादा मात्र सुनेच्या मागे लागतो, सोनोग्राफी तिची, रक्ततपासण्या तिच्या, नवससायास तिचे, आणि ज्याचे शुक्रजंतू औषधानेच थांबविले आहेत त्या नवऱ्याची साधी वीर्यतपासणीही कोणी करीत नाही. नजीकच्या काळात मूल हवे असणाऱ्या पुरुषास हा उपचार देऊ नये असे मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट शब्दांत सांगतात. ज्यांनी अद्याप सुरू केलेला नाही व ज्यांना पुढे मूल हवे आहे, त्यांनी आधी वीर्यतपासणी करून घ्यावी, आणि उपचार टाळता येण्यासारखा नसेल तर आपले वीर्य गोठवून ठेवण्याची तजवीज करावी. मोठ्या शहरांतील वंध्यत्व-चिकित्सालयांत ही सोय आहे.

ज्यांनी सुरू केला आहे त्यांनी हाय खाण्याचे कारण नाही. अशाच गर्भनिरोधक प्रयोगांतील पुरुषांची एकत्रित माहिती २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली; तीत औषध थांबविल्यानंतर शुक्रजंतूंची संख्या दर मिलिलिटरला दोन कोटींपर्यंत परत येण्याची शक्यता सहा महिन्यांत ६७ टक्के, वर्षभरात ९० टक्के, आणि दोन वर्षांत १०० टक्के आढळली. तथापि ते सर्व मुळात निरोगी पुरुष होते आणि त्यांनी औषध मर्यादित काळ घेतले होते, ही अट विसरता कामा नये. ज्याची संख्या आधीच कमी होती किंवा ज्याने वर्षानुवर्षे मोठ्या मात्रा घेतल्या, त्याला एवढा भरवसा देता येत नाही. अशा वेळी एचसीजीची इंजेक्शने किंवा क्लोमिफीनच्या गोळ्या यांचा उपयोग तज्ज्ञ करतात. त्या औषधांच्या दुकानातून परस्पर आणून घेण्याच्या गोष्टी नव्हेत. आणि एक इशारा याच ओघात द्यावयास हवा: शुक्रजंतू दबतात म्हणून टेस्टोस्टेरॉनवर कोणी संततिनियमनासाठी विसंबू नये, कारण सर्वांतच ते पूर्णपणे थांबतात असे नाही.

औषध थांबविण्याचा निर्णय झालाच, तर तो डॉक्टरांशी मसलत करून व मुदत ठरवून अमलात आणावा. थांबविल्यानंतर काही आठवडे, कधी काही महिने, शरीराचा स्वतःचा पुरवठा सुरू झालेला नसतो आणि बाहेरचा संपलेला असतो; त्या काळात गळून गेल्यासारखे वाटणे, इच्छा मावळणे, मन खिन्न होणे हे अपेक्षितच आहे. येथेच पुष्कळांची फसगत होते. ‘सोडून पाहिले, पंधरा दिवसांत हातपाय गळाले, म्हणजे मला याची जन्माची गरज आहे’, असे अनुमान ते काढतात आणि पुन्हा सुई टोचून घेतात. वास्तविक ती अवस्था उपचाराने आणलेल्या तात्पुरत्या दबावाची असते आणि मूळ प्रकृतीविषयी ती काहीच सांगत नाही. ऑस्ट्रेलियात दोन वर्षे इंजेक्शने घेतलेल्या पुरुषांचा पाठपुरावा केला, तेव्हा स्वतःची निर्मिती पूर्ववत होण्यास सुमारे वर्षभर लागल्याचे आढळले. म्हणून फेरतपासणीची घाई करू नये. विशेषतः अनडेकॅनोएट हे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन घेतले असेल तर त्याचा अंमल शेवटच्या सुईनंतरही अनेक आठवडे चालू असतो. या मुदतीत झोप, वजन, मधुमेह आणि मद्य यांचा बंदोबस्त करावा; स्थूल पुरुषाचे वजन जसे उतरते तसे त्याचे टेस्टोस्टेरॉन चढते, आणि वजन जितके अधिक उतरेल तितका हा लाभ अधिक असतो. घोरणे व झोपेत श्वास अडकणे असेल तर त्याचा उपचार आधी करावा. खिन्नता जर इतकी गडद झाली की जगणे नकोसे वाटू लागले, तर संप्रेरकांचा हिशेब बाजूस ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांस भेटावे, किंवा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेस १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. तेथे मराठीतही बोलता येते.

याच्या अगदी उलट स्थिती ज्यांची आहे, त्यांना मी वेगळ्याने संबोधू इच्छितो. ज्यांना क्लाइनफेल्टर सिंड्रोम आहे, म्हणजे ज्यांच्या पेशींत एक एक्स गुणसूत्र जन्मतः अधिक आहे. ज्यांची वृषणे गालगुंडाच्या दाहाने, इजेने वा कर्करोगाच्या उपचाराने निकामी झाली. ज्यांची पीयूषिका शस्त्रक्रियेत काढावी लागली. त्यांच्या बाबतीत हा उपचार शरीराने न दिलेल्या गोष्टीची सरळ भरपाई आहे. ‘मी औषधाच्या आधाराने पुरुष आहे काय’, असा सल त्यांच्यापैकी काहींना लागून राहतो, आणि त्यापायी ते मधूनच उपचार सोडतात. थायरॉइडच्या गोळीविषयी किंवा इन्शुलिनविषयी असा प्रश्न कोणी स्वतःस विचारीत नाही. येथेही विचारण्याचे कारण नाही. टेस्टोस्टेरॉनअभावी अशा पुरुषांची हाडे ठिसूळ होतात, रक्त कमी होते, स्नायू झिजतात. सुईचा कंटाळा आला असेल तर पर्याय आहेत: दोन-तीन आठवड्यांनी घ्यावयाच्या इंजेक्शनांऐवजी दहा ते चौदा आठवड्यांनी एकदा घेण्याचे अनडेकॅनोएट आहे, ते चार मिलिलिटर दाट, तेलकट द्रव्य पालथे निजवून नितंबाच्या स्नायूत सावकाश, दोन मिनिटे लावून टोचावे लागते, नंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबवून ठेवतात, आणि जागा दिवसभर ठणकते, पण पुढचे अडीच-तीन महिने त्याची आठवणही राहत नाही. त्वचेस चोळण्याचे जेलही आहे. मात्र ते लावल्यावर हात धुवावेत आणि ती जागा कपड्याने झाकावी, कारण ओल्या जेलचा स्पर्श लहान मुलास किंवा पत्नीस झाल्यास ते संप्रेरक त्यांच्या शरीरात शिरते.

व्यायामशाळेत कोणा प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून ‘कोर्स’ करणारी तरुण मुले या लेखाच्या कक्षेत बसत नाहीत, कारण त्यांना कमतरता नव्हतीच. त्यांच्या मात्रा औषधी मात्रेच्या कित्येक पट असतात, आणि थांबविल्यानंतरचा पडता काळही तसाच दीर्घ व कठीण असतो. त्यांनी डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवू नये, एवढेच कळकळीने सांगतो.

उरला प्रश्न भयाचा. हृदयविकाराच्या भीतीने अनेकांची झोप उडते, म्हणून हे सांगितले पाहिजे की, ४५ ते ८० वर्षांच्या, हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका मोठा असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवरील ‘ट्रॅव्हर्स’ या चाचणीत, हृदयघात, पक्षाघात वा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत ७.० टक्के व निष्क्रिय जेल लावणाऱ्यांत ७.३ टक्के निघाले. हे निष्कर्ष २०२३ सालचे आहेत. त्याच चाचणीत हृदयाची अनियमित धडधड, फुप्फुसात रक्ताची गुठळी आणि मूत्रपिंडाची इजा मात्र औषध घेणाऱ्यांत अधिक आढळली, हेही झाकून ठेवता कामा नये. रक्त दाट होणे हा सर्वांत नेहमीचा त्रास आहे. म्हणून हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातील लाल पेशींच्या प्रमाणाची, तपासणी आरंभी, नंतर तीन ते सहा महिन्यांनी, व पुढे दरसाल करावी, आणि ते ५४ टक्क्यांच्या वर गेल्यास उपचार थांबवून कारण शोधावे. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान झालेल्यांनी, सहा महिन्यांच्या आत हृदयघात वा पक्षाघात होऊन गेलेल्यांनी, व ज्यांचे हृदयाचे कार्य अनियंत्रितपणे खालावले आहे अशांनी हा उपचार घेऊ नये. चाळिशी-पन्नाशीपुढील पुरुषांनी पीएसए या प्रोस्टेटसंबंधीच्या रक्ततपासणीविषयी आरंभीच विचारून घ्यावे. वर्षभरात त्यात १.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरहून अधिक वाढ झाली तर मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो.

पुढच्या भेटीस जाताना पत्नीस बरोबर न्यावे, कारण झोपेत श्वास अडकतो की नाही, स्वभावात काय फरक पडला, मुलाचा विचार कधीचा आहे, यांची उत्तरे तिच्यापाशी अधिक नेमकी असतात. जुने सर्व अहवाल तारखेवार लावून न्यावेत, शेवटचे इंजेक्शन कोणते, किती मात्रेचे व कोणत्या दिवशी घेतले ते लिहून न्यावे, आणि डॉक्टरांस तीन गोष्टी विचाराव्यात: माझी कमतरता कशामुळे आहे, ती कायमची आहे की सुधारण्यासारखी, आणि कोणत्या लक्षणात किती काळात फरक न पडल्यास आपण हा उपचार बंद करू. यांचा खुलासा न करता केवळ पुढच्या इंजेक्शनची तारीख हाती दिली जात असेल, तर ते इंजेक्शन घेण्यापूर्वी दुसऱ्या एंडोक्रायनॉलॉजिस्टचे मत घ्यावे. जिल्ह्याच्या गावी असे तज्ज्ञ नसल्यास जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी.